मुखवट्याची मागची बाजू

माझ्या वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, उभं आयुष्य भोसरीच्या एका फाउंड्रीत पॅटर्न मेकर म्हणून काढलं. लोखंडाचा भाग ओतण्याआधी त्याचा लाकडी नमुना करावा लागतो, तो ते करायचे. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, तरी लाकडाची वस्तू दिसली की त्यांची नजर बदलते.

मागच्या वर्षी एका गुरुवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, मी त्यांना रावेतच्या बाजूचं एक छोटं खासगी संग्रहालय बघायला नेलं. देशोदेशीच्या लोकांच्या रोजच्या वापरातल्या वस्तू तिथे मांडल्या होत्या. वल्ही, टोपल्या, ढोल, मुखवटे. आमच्याशिवाय कुणीच नव्हतं.

"एवढ्या लांबचं सामान ह्यांच्याकडं आलं कसं?" आण्णांनी दारातच विचारलं.

"विकत घेतलं असेल. नाहीतर कुणी दिलं असेल."

"असंल," ते म्हणाले, पण पटल्यासारखे दिसले नाहीत.

टोपल्या त्यांना आवडल्या. एका मुखवट्यापाशी मात्र ते थबकले. पाटीवर लिहिलं होतं, 'आफ्रिका, सुमारे शंभर वर्षे जुना'. मुखवटा स्टँडवर होता, काच नव्हती. आण्णा गुडघ्यावर बसून खालून, मागून बघू लागले. मग नाक जवळ नेऊन वास घेतला.

"पोरी, ह्यो जुना न्हाई. बूटपॉलिश मारलंय. आन् लाकूड पाइनचं हाय, पेट्यांचं. आमच्या कंपनीत मशिनी यायच्या ना, तसल्या पेट्यांचं."

मला आधी त्यांचीच लाज वाटली. "आण्णा, हळू बोला." पण मीही वाकून बघितलं. दोन्ही डोळ्यांची भोकं अगदी एकसारखी होती, आणि कडेला मशीनच्या पात्याच्या बारीक गोल रेघा होत्या.

तोवर वॉचमन धावत आला. "ओ काका, हात लावू नका!" आण्णांनी हात लावलाच नव्हता. गडबड ऐकून आतून तिथल्या व्यवस्थापक बाई आल्या. आण्णांनी त्यांना सरळ विचारलं, "म्याडम, ह्यो कुणी बनवला?"

बाईंनी आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्हाला कुणी पाठवलंय का?"

"आमाला कोण पाठवनार? बघायला आलो."

मग त्या म्हणाल्या, "मूळ मुखवट्याला कीड लागली होती. भुसा पडायला लागला, म्हणून आत ठेवलाय. हा चिखलीतल्या एका कारागिराकडून करून घेतला."

"मग पाटीवर तसं लिवा की."

"लिहिणार आहोत."

"आतला दाखवता का?"

"तो कुणालाच दाखवत नाही."

परतताना आण्णा म्हणाले, "किडलाय का विकलाय, कुणास ठाऊक." मलाही तेच वाटत होतं. शेजारच्या ढोलावरची किडीची भोकंसुद्धा आता मला ड्रिलने पाडल्यासारखी आठवत होती.

पुढच्या गुरुवारी आण्णा सकाळीच तयार होऊन बसले. पाटी बदलली का, ते त्यांना बघायचं होतं. पाटी नव्हतीच. मुखवटाही नव्हता. रिकामा स्टँड तेवढा उभा होता. वॉचमन म्हणाला, "म्याडमनी काढायला सांगितला. त्या आज नाहीत."

आण्णा लगेच मागे फिरले. बाहेर आल्यावर एकदम चिडून म्हणाले, "काढायची काय गरज होती? काम चांगलं होतं त्या कारागिराचं. कपाळाचा उतार बघितलास? मी त्याचं नाव लिवा म्हणनार होतो."

हे त्यांनी त्या दिवशी बोलायला हवं होतं. आता निदान त्या कारागिराला तरी सांगू, असं मला वाटलं. त्यांना स्कूटीवर बसवून चिखलीला नेलं. फर्निचरच्या चार-पाच वर्कशॉपमध्ये विचारलं. प्रत्येक जण आधी विचारायचा, "तुम्हाला कशाला पाहिजे?" एकाने तर आम्हाला महापालिकेची माणसं समजून शटर अर्धं खाली ओढलं. मुखवटा केल्याचं कुणीच कबूल केलं नाही.

शेवटच्या वर्कशॉपबाहेर आण्णांनी कपड्यांवरचा भुसा झटकला. "आसा मानूस हाय तरी का? का त्या बाईनं आमाला वाटंला लावलं?"

मी स्कूटी चालू केली. आम्ही भर दुपारच्या उन्हात दिघीला घरी आलो. त्यानंतर आण्णांनी संग्रहालयाचा विषय काढला नाही, आणि संग्रहालयात फोन करून त्या बाईंना विचारायचं मीही टाळलं.