थोरल्या भावाची फांदी

माझे वडील इसोएमोन यांनी जन्मभर दुसऱ्यांचे पूर्वज लिहिले. आमच्या गावात किल्ल्याच्या खंदकाला लागून सामुराईंची दोनेकशे घरं. त्यातल्या निम्म्यांचा मूळपुरुष सेइवा सम्राट, आणि त्या निम्म्यातल्या निम्म्यांना तो आमच्या घरातून मिळाला. फुशारकी मारत नाही. कागद पिवळा करायला चहाचं पाणी मीच उकळत होते.

नऊशे वर्षांपूर्वी राजवाड्यात राजपुत्र उदंड झाले. सगळ्यांना पोसायचं कुणी? म्हणून सेइवा सम्राटाच्या नातवाला मिनामोतो हे आडनाव दिलं आणि ‘आता तुमचं तुम्ही बघा’ म्हणून बाहेर काढलं. त्या वंशाने धनुष्यबाण हाती घेतले, घोड्यावर मांड ठोकली आणि पुढे देशाचा कारभारच बळकावला. तेव्हापासून कमरेला दोन तलवारी लावणाऱ्या प्रत्येकाला आपण त्या नातवाचे वंशज आहोत असं वाटत आलंय. वाटेना का. पण नुसतं वाटून चालत नाही, कागद लागतो.

बाबांकडे आजोबांपासून आलेली मूळ वंशावळ होती, उलगडली तर दारापासून चुलीपर्यंत जाईल एवढी. तिच्यात जागोजागी असे पुरुष होते, ज्यांच्या नावाखाली काहीच नव्हतं. ‘तरुणपणी वारला.’ ‘पूर्वेकडे गेला, पुढे ठाऊक नाही.’ बाबा त्यांना वाळक्या फांद्या म्हणत. अशा फांदीपासून गिऱ्हाइकाच्या पणजोबापर्यंत मधली नावं भरली की काम झालं.

“मी कुणाचा जीव घेत नाही, कुणाचं शेत घेत नाही,” ते म्हणायचे. “निपुत्रिकांना मुलं देतो. देवळातला पुजारीही तेच करतो, त्याला कुणी नावं ठेवत नाही.”

कामात मात्र ते काटेकोर. कागद चहात बुडवून चुलीच्या धुरावर टांगायचा, तोही तीन दिवस, घाई नाही. कसरीची भोकं पाडायची तर गुंडाळीचा हिशेब ठेवून. गुंडाळलेल्या कागदात किडा आरपार जातो, म्हणून एकच भोक प्रत्येक वेढ्यात पुन्हा दिसतं आणि आत जावं तशी ती भोकं जवळजवळ येतात. नवशिके वाटेल तिथे भोसकतात आणि पकडले जातात. आणखी एक नियम होता: एक फांदी, एकच घर. फांदी दिली की मूळ वंशावळीत त्या नावावर लाल टिंब. ते टिंब लावायचं काम माझं.

एक फांदी मात्र बाबांनी राखून ठेवली होती. एका मोठ्या सेनापतीचे तीन मुलगे. मधल्याचा वंश वाढला. धाकटा तोकिहारु निपुत्रिक गेला. थोरला यासुहारु पूर्वेकडे गेला तो गेलाच. थोरल्याची फांदी म्हणजे सगळ्या कागदातली सोन्यासारखी जागा. चांगल्या चांगल्या घरांनी मागितली, बाबांनी दिली नाही. ती माझ्यासाठी होती.

पलीकडच्या गल्लीतल्या हिकोझोचं आणि माझं जमलं होतं. तो सामुराईचा दुसरा मुलगा. थोरला असता तर आमच्याकडे ढुंकूनही बघितलं नसतं. दुसऱ्याला घरजावई म्हणून द्यायला त्याचा बाप तयार होता, पण एका अटीवर.

“खरं-खोटं मी विचारत नाही,” तो बाबांना म्हणाला होता. “तुमच्या कुळाचा कागद हवा, आणि किल्ल्याच्या दप्तरात त्याची नक्कल हवी. मग पोरगा तुमचा.”

त्याच वसंतात किल्ल्यावरून हुकूम सुटला. सगळ्या घराण्यांनी तीन महिन्यांत वंशावळी दप्तरात द्याव्यात. ज्याच्याकडे नाही, त्याला सामुराईंच्या यादीतून काढून प्यादा करणार आणि राहतं घर परत घेणार. आमच्या दारात चपलांचा ढीग लागला. बाबांनी ठरवलं, आधी गिऱ्हाइकं उरकू, आपलं सगळ्यात शेवटी.

धाकट्या तोकिहारुची फांदी घोडदळाचे नायक इवासे यांना गेली. त्या आठवड्यात हिकोझो रोज धुरावर कागद धरायला येत होता, आणि खरं सांगायचं तर माझं लक्ष कागदावर नव्हतं. टिंब लावायचं राहून गेलं.

दहा दिवसांनी तोगावा सानाई आला. चार पिढ्या किल्ल्याच्या फाटकावर उभं राहिलेलं घर, बायको, म्हातारी आई, तीन मुली. पुढचा एक दात पडलेला. सोबत मुळ्याच्या लोणच्याचं लाकडी पिंप आणलं होतं.

“गुरुजी, मला फार वरचं नको,” तो म्हणाला. “घर राहील एवढंच बघा.”

बाबांनी वंशावळीत बोट फिरवलं, तोकिहारुवर टिंब दिसलं नाही, आणि तीच फांदी सानाईला दिली.

महिन्याभरात दप्तरदारांचा निरोप आला. त्यांच्या घरी ओसरीवर इवासे आणि सानाई आधीच बसले होते. मी मूळ वंशावळीची पेटी घेऊन बाबांच्या मागे.

“मी घोडदळाचा नायक,” इवासे ओरडले, “आणि हा फाटकावरचा माणूस! माझ्या पूर्वजाच्या पोटी हा आलाच कसा?”

“मला काय ठाऊक साहेब?” सानाई म्हणाला. “मी तेव्हा नव्हतो तिथे.”

दप्तरदारांनी डोळे मिटले. त्यांचा स्वतःचा सम्राटही आमच्याच चुलीवर धुरी घेऊन गेला होता. “इसोएमोन, दोन्ही कागद तुझ्या हातचे. दोघांतलं एक घर खोटं. कुठलं ते सांग, थोडक्यात सांग. मला बाकीच्या गुंडाळ्या उघडायला लावू नकोस.”

सानाईचा चेहरा पांढराफटक पडला. टिंब माझ्या हातून राहिलं होतं, पण ते सांगायचं धैर्य मला झालं नाही.

बाबांनी पेटी उघडायला लावली आणि वंशावळ उलगडली. “दोन्ही घरं खरी आहेत, साहेब. नकलेत माझी चूक झाली, एक ओळ हुकली. तोगावा धाकट्याचे नाहीत. ते थोरल्या यासुहारुचे. हे बघा, शेजारीच नाव आहे.”

मी बाबांकडे बघतच राहिले. इवासेही.

“म्हणजे कुळाच्या मानाने हा माझ्या वर?”

“कुळाच्या मानाने, हो साहेब. हुद्द्याच्या मानाने आपणच.”

दप्तरदारांनी हसू दाबायला खोकला काढला. मग ते गंभीर झाले. “नक्कल दुरुस्त करून द्या. पण ज्याची ओळ हुकते त्याच्यावर भरवसा कसा ठेवू? आजपासून तुझ्या हातचा नवा कागद या दप्तरात घेतला जाणार नाही. कुणाचाच.”

बाबांनी खाली वाकून कपाळ टेकवलं.

परत येताना पुलावर मी म्हणाले, “बाबा, टिंब मी विसरले.”

“कळलं मला.”

“मग दुसरी एखादी फांदी द्यायची होती. थोरल्याचीच का?”

“एक ओळ हुकली असं शेजारच्या नावाबद्दलच म्हणता येतं, पोरी. दुसरी वाळकी फांदी तिथून चार हात लांब होती. दप्तरदार झोपलेला असतो, आंधळा नसतो.” मग थोडं चालून म्हणाले, “तीन मुली आहेत त्याला.”

‘मला एक मुलगी आहे’ असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं. घरी जाऊन मी लाल शाई घासली आणि यासुहारुच्या नावावर टिंब लावलं.

हिकोझोच्या बापाने आठवड्यात बोलणं मोडलं. हिकोझो किनाऱ्याकडच्या एका घरी घरजावई गेला. जाताना आमच्या गल्लीतून गेला नाही. बाबा नंतर अकरा वर्षं जगले, लोकांची पत्रं लिहून देत, दुकानांच्या पाट्या रंगवत. मी मुलींना अक्षर शिकवते. लग्न केलं नाही.

तोगावांचं घर अजून तिथेच आहे. सानाईला आता सगळं खरंच वाटतं. दर शरदात ते यासुहारुचं श्राद्ध घालतात, भिक्षू बोलावतात, आणि सानाईची बायको माझ्याकडे मोची, म्हणजे तांदळाचा चिकट लाडू, घेऊन येते. यंदा ती उंबऱ्यावर टेकली आणि कपाळाचा घाम पुसत म्हणाली, “तुमचं बरं आहे हो ओनुईबाई, एकटा जीव. थोरल्या घराण्याचं किती करावं लागतं, ते तुम्हाला नाही कळायचं.”

“खरंय,” मी म्हणाले.

ती गेल्यावर मोची देव्हाऱ्यातल्या बाबांच्या नावाच्या पाटीपुढे ठेवली. थोड्या वेळाने उचलून खाल्ली. शेवटी आमच्याच पूर्वजाच्या श्राद्धाची होती.