कूलरपुढं ठेवलेली बिस्किटं
अक्षय्य तृतीया, दुपार. हजर: मी आणि सुतार मिस्त्री. संध्याकाळी मुलीच्या सासरचे पहिल्यांदा जेवायला येणार होते आणि टेबलाच्या दोन फळ्या जोडायच्या होत्या. खाचेत बसवायची चपटी लाकडी बिस्किटं मिस्त्रीनं कूलरपुढं ठेवली होती. दमट वाऱ्यानं ती फुगली, म्हणून त्यानं ती घासली आणि पार ढिली केली. “फट दिसतेय,” मी म्हटलं. “भुसा अन् गोंद भरतो ना ताई, लई मजबूत व्हतंय.” जेवताना आमरस सांडून फटीत झिरपला आणि भुशाचा चिकट लगदा त्याच्यासकट खाली विहीणबाईंच्या पैठणीवर पडला. त्या फटीतून अजून आंबूस वास येतो. फळ्या नव्यानं जोडायचं काम मात्र यादीत तसंच आहे.