रिकाम्या लखोट्यातली नावं

"कोनं लिवलं हे? समोर या बे, कोनं लिवलं?"

नांदुऱ्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये आमचं जुन्या टपालाचं प्रदर्शन भरलं होतं, तिथे हा आवाज उठला. मी माझे लखोटे लावलेल्या उभ्या फ्रेमच्या मागे होतो. मागे म्हणजे लपून. आवाज असा, की स्टेशनात उभी असलेली मालगाडी सिग्नल न बघता सुटलीय असं वाटावं. काचा थरथरल्या आणि काचांआडच्या तिकिटांवरचे सगळे बादशहा मान वळवून माझ्याकडे बघायला लागले.

ओरडणारा माणूस संग्रामपूरकडचा. पंचेचाळिशीचा, पांढरा कडक शर्ट, मनगट माझ्या मांडीएवढं, आणि सोबत दोन जीपगाड्या भरून माणसं. बायको म्हणते एकच जीप होती. पण बायको तिथे नव्हती. ज्या लखोट्याखालचं कार्ड वाचून तो पेटला होता, तो लखोटा त्याच्या पणजोबांनी धाडलेला होता. पणजोबा म्हणजे इंग्रजी अमदानीत वऱ्हाडातून कौन्सिलात गेलेले रावबहादूर. गावात त्यांच्या नावाची कमान आहे, आणि येत्या महिन्यात चौकात त्यांचा पुतळा बसायचा होता.

लखोटा मला सापडला होता रद्दीवाल्याकडे, जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यात. तपकिरी कागद, एकाऐवजी दोन तिकिटं, मागे लाल लाखेवर रावबहादुरांची मोहर, आणि पुढे जिल्ह्याच्या गोऱ्या डेप्युटी कमिशनरचा पत्ता. कोपऱ्यात शाईनं 'खाजगी' लिहिलेलं. हात लावला तेव्हा माझ्या अंगावर जो काटा आला तो चार दिवस बसला नाही, दाढी करतानाही आडवा येत होता. आत मात्र काही नव्हतं. पत्र केव्हाच कोणीतरी काढून घेतलं होतं.

आता आमच्या या नादात एक शिस्त आहे. लखोटा मांडायचा आणि त्याच्याखाली कार्ड लावायचं. कोणी पाठवला, कोणाला, कोणत्या पोस्टातून, शिक्के कुठले, तिकीट किती. बस. माझा एक मित्र आहे, रिटायर पोस्टमन, देऊळगाव राजाचा. तो नेहमी बजावतो, पाकीट जेवढं बोलते तेवढंच लिवाचं, त्याच्या तोंडात आपले शब्द कोंबाचे नाही. पण आदल्या वर्षी परीक्षक माझ्या फ्रेमसमोरून असे निघून गेले होते, जसं काही तिथे भिंतच होती. ते मला डाचत होतं. म्हणून यंदा एका दुपारी बसलो आणि माझ्या वळणदार अक्षरात लिहून टाकलं की स्वातंत्र्याच्या चळवळीत जंगलात घुसून गवत कापायला, सरकारचा कायदा मोडायला निघालेल्या आपल्याच गावच्या माणसांची नावं रावबहादुरांनी या लखोट्यातून साहेबाला कळवली. यादी लांब, कागद जड, म्हणून तिकिटं दोन.

दोन तिकिटं खरी होती. बाकी सगळं माझ्या डोक्यातलं. लिहिताना वाटलं, रावबहादूर मेले, साहेब मेला, गवतसुद्धा किती वेळा उगवून वाळून गेलं. कोणाला लागणार आहे?

प्रदर्शनाच्या पहिल्याच दिवशी परीक्षक त्या फ्रेमसमोर वीस मिनिटं उभे राहिले. आणि कोणीतरी त्या कार्डाचा मोबाइलवर फोटो काढला.

"भाऊ, लपून काय फायदा?" पोस्टमन मित्र फ्रेमच्या बाजूनं डोकावून हळूच म्हणाला. "खालून चपला दिसून राह्यल्या तुमच्या."

मग बाहेर आलो. समोर उभा राहिलो आणि डोळे मिटले, म्हटलं पहिली कानाखाली तरी न बघता खावी. पण ती आलीच नाही. उलट त्यानं आवाज खाली आणला, आणि खरी भीती मला तेव्हा वाटली.

तो जे म्हणाला ते असं. कार्डाचा फोटो फिरत फिरत गावात पोचला. घरी त्याची आत्या असते, म्हणजे रावबहादुरांची नात. मुलींच्या शाळेत जन्मभर शिकवलेली, वय ब्याऐंशी. तिनं मोबाइल हातात घेऊन, चष्मा पुसून, ते कार्ड स्वतः दोनदा वाचलं, मोबाइल परत दिला, आणि तेव्हापासून अन्नाला शिवली नाही. आज तिसरा दिवस. बोलत नाही. शुगरची गोळी उपाशीपोटी देता येत नाही आणि गोळीशिवाय ठेवता येत नाही. डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत बघू.

"पुतळा गेला चुलीत," तो म्हणाला. "पन माह्या आत्याले काही झालं, तर मी तुमाले सोडनार नाही. पुरावा आहे का तुमच्याजोळ?"

आयुष्यात मी थापा मारल्या नाहीत असा तालुका या जिल्ह्यात शिल्लक नाही. पण त्या क्षणी एकही सुचली नाही. म्हणालो, "नाही."

"मनानं लिवलं?"

"हो."

"मंग चाला. तिच्यासमोर सांगा."

मी मित्राकडे बघितलं. तो म्हणाला, मी तीस-पस्तीस वर्षं लोकांच्या दारात वाईट बातम्या नेऊन टाकल्या, ही तुमची तुम्हीच टाका. आणि फ्रेम उघडून त्यानं लखोटा माझ्या हातात दिला.

जीपमध्ये मला दोन माणसांच्या मधे बसवलं. दोन्ही बाजूंनी तुरीची शेतं मागे जात होती आणि समोर सातपुडा हळूहळू उंच होत चालला होता. इतका उंच तो कधीच नसतो. मारतील याची भीती आता उरली नव्हती. मार खाऊन माणूस घरी तरी येतो. मला दिसत होती ती न बघितलेली म्हातारी बाई, आणि माझ्या अक्षरातली ती चार वाक्यं तिच्या घशात अडकलेली. रस्त्यात मी अकरा प्रकारे माफी जुळवली. प्रत्येक वेळी शेवटी मनात यायचं, आपण पोचेपर्यंत ती असेल ना?

घर नवं, स्लॅबचं, जिन्यापर्यंत चकचकीत फरशी. टीव्हीच्या वर रावबहादुरांचा फोटो, फेटा आणि छातीवर बिल्ला. खाली प्लास्टिकच्या खुर्चीत आत्या बसल्या होत्या. बारीक, ताठ, हिरव्या किनारीचं पातळ. बाजूच्या स्टुलावर झाकलेलं ताट. त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मला सातवीतला गृहपाठ राहिल्याचं आठवलं.

"बसा," त्या म्हणाल्या. तीन दिवसांतला पहिला शब्द म्हणे. पुतण्या एकदम पुढे सरकला.

मी बसलो नाही. जुळवलेल्या अकरांपैकी एकही माफी तोंडात आली नाही. नुसतं सांगितलं, की मास्तरीणबाई, लखोटा खरा आहे पण रिकामा आहे. नावं पाठवली हे मी बक्षिसासाठी मनानं रचलं. तुमच्या आजोबांवर खोटा आळ घेतला. कार्ड मी फाडतो, हवं तर चौकात उभा राहून सांगतो. पण तुम्ही दोन घास खा.

आणि लखोटा त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी तो घेतला. पत्ता वाचला. उलटा करून लाखेवरून अंगठा फिरवला. मग बोटांनी पाकिटाचं तोंड उघडून आत बघितलं, बराच वेळ.

"आयकलं ना आत्या?" पुतण्या गुडघ्यावर बसून म्हणाला. "खोटं आहे ते. यायनंच सांगतलं. आता जेव माय."

आत्यांनी लखोटा मिटून मांडीवर ठेवला.

"याच्यात पाच नावं होती," त्या म्हणाल्या. "एक माह्या सख्ख्या मामाचं होतं."