शेजारी बसून रस्ता सांगणारी

माझा धाकटा भाऊ डोंगरकडा ते नांदेड काळीपिवळी जीप चालवायचा. आत माणसं कोंबलेली, टपावर पोती, मागे दोघं लटकलेले. आणि थांब्यावर जरा मोकळा झाला की मोबाइलवर बघायचा काय, तर शर्यतीच्या गाड्या. घरी जेवायला बसला की मोबाइल तांब्याला टेकवून माझी शिकवणी सुरू. ही उघड्या चाकांची, जमिनीला चिकटून पळणारी, एकाच माणसाची. ही नुसती सरळ पळते, बघता बघता शर्यत संपते. ही वरून साध्या गाडीसारखी, पण आतून सगळं काढून हलकी केलेली. एकट्याच्या गाडीचं मला कौतुक नव्हतं. भाकरी करून घालणारीला तरी जागा नको का, असं मी त्याला चिडवायची.

त्याची लाडकी होती रॅलीची गाडी. माती, दगड, चिखल, कशातूनही जाणारी. शिवाय तिच्यात दोघं. एक चालवतो, दुसरा शेजारी बसून रस्ता सांगतो: डावं वळण, मग उतार, मग पूल. चालवणारा त्याच्या शब्दावर गाडी सोडतो.

"ही बराबर हाय," तो म्हणायचा. "तू सांगायचं, मी चालवायची."

नांदेडला जाताना मी पुढच्या सीटवर बसले की मला खरंच सगळा रस्ता सांगायला लावायचा. प्रवासी हसायचे, पण याला फरक पडत नसे. माझं एक वळण चुकलं तरी लगेच टोकायचा. चुकीचं वळण त्याला सहनच होत नसे.

मग त्याचं लिव्हर खराब झालं. आम्ही त्याच्यासाठी मुली बघत होतो, ते सगळं तिथंच राहिलं. एका दुपारी डॉक्टरांनी त्याला तातडीनं नांदेडला हलवायला सांगितलं. रस्ता तोच, फक्त हा अँब्युलन्समध्ये आडवा. दुखण्यापेक्षा रस्ता दिसत नाही याचीच त्याला जास्त तकलीफ होत होती. मी त्याचा हात धरला आणि ड्रायव्हरमागच्या छोट्या काचेतून बघत सांगायला लागले.

"डावं वळण. मग लिंबाचं झाड. मग पूल."

"व्हय."

मी सांगत होते, तो व्हय म्हणत होता. मध्येच हळूच म्हणाला, "पुलाच्या आधीचा खड्डा राहिला, ताई." तेवढ्यात खड्डा आलाच. आम्ही दोघं हसलो. मला वाटलं, याला काही होत नाही.

अर्धापूरच्या अलीकडे केळीच्या बागा लागल्या आणि त्याचं व्हय येईना. हात गरम होता. मी मोठ्यानं सांगितलं. परत सांगितलं. पुढचं वळण उजवं, ते मला पाठ होतं. मी मुद्दाम डावं म्हणाले.

गाडी उजवीकडे वळली. तो काही बोलला नाही.