दुसऱ्या बशीतल्या पेशी

मी एकदा एका शब्दाचं खोटं बोललो. बायकोलाही ते कधी सांगितलं नाही. तो शब्द होता ‘ठीक’, आणि तो मी वैरागडेकाकांना ऐकवला.

काका भोपाळच्या आमच्या टाउनशिपमध्ये शेजारच्या क्वार्टरला राहत. मूळचे नागपूरचे. टाउनशिपच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत ट्रान्सफॉर्मरचं तेल तपासणं हे त्यांचं काम. पण टाउनशिप त्यांना ओळखायची ती सालींमुळे. पहिली पाळी सुटल्याचा भोंगा झाला की ते गेटाबाहेरच्या रसवाल्यांकडे जात आणि संत्र्या-डाळिंबांच्या सालींचं पोतं लुनावर बांधून आणत. रसवाला ओरडायचा, “छिलकेवाले साब, आज अनार का माल है!” काका खुशीत हात हलवत.

अंगणातल्या बाजेवर साली वाळत. मग काका त्या कुटत, अल्कोहोलमध्ये भिजवत, गाळून अर्क काढत. कॅन्सरच्या पेशींना मारणारं काहीतरी सालींत असतं, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. कोणी हसलं की म्हणत, “रस पिऊन माणूस मोकळा होते बाप्पा. झाडानं राखण कशात ठेवली, हे सालीला कोणी विचारलं काय?” वासाने हैराण झालेल्या माझ्या आईने एकदा कुंपणावरून विचारलं, “भावजी, घरात माणसांना जागा ठेवलीय ना?” आतून कुसुमकाकूच म्हणाल्या, “मला ठेवलीय वहिनी, पोत्यामागे!”

त्याच कुसुमकाकूंना कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं. इंजेक्शनांचा पहिला फेरा झाला, केस गेले, पोटात पाणी ठरेना. डॉक्टरांनी आणखी फेरे सांगितले. काकू म्हणाल्या, “पुरे झालं.”  संध्याकाळी काका अर्काची बाटली घेऊन माझ्याकडे आले.

मी तेव्हा शाहपुऱ्याकडच्या एका छोट्या प्रयोगशाळेत सहायक होतो. तिथे कॅन्सरच्या पेशी काचेच्या बश्यांमध्ये वाढवत. साहेबांना न विचारता मी शनिवारी काकांचा अर्क एका बशीत घातला. तो फार पातळ वाटला, म्हणून काकांशी ठरलं होतं त्यापेक्षा बराच जास्त घातला. अर्क अल्कोहोलमध्ये होता, त्यामुळे दुसऱ्या बशीत तितकंच नुसतं अल्कोहोल घातलं. पेशी सालीने मरतात की अल्कोहोलने, हे त्या दुसऱ्या बशीवरूनच कळणार होतं.

रविवारी पाहिलं, तर दोन्ही बश्यांमधल्या पेशी मेल्या होत्या. म्हणजे मारलं होतं अल्कोहोलने. सालीबद्दल काहीच कळलं नव्हतं.

दुपारी काका आले. इस्त्रीचा शर्ट घालून, देवळात यावं तसे. मी पहिली बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. ते वाकून कितीतरी वेळ पाहत राहिले.

“मेल्या काय रे, सुधीर?”

“मेल्या, काका.”

ते सरळ झाले. आतला केमिस्ट जागा होता. “नुसत्या अल्कोहोलची ठेवली होतीस ना? ती कशी आहे?”

“ठीक,” मी म्हणालो.

त्या चेहऱ्यासमोर दुसरं काही तोंडातून आलं नाही. मनात म्हटलं, पुढच्या रविवारी बेताने घालून पुन्हा करू, मग सांगू. तसं केलंही. या वेळी दोन्ही बश्यांमधल्या पेशी मजेत जिवंत होत्या. मी बश्या धुऊन ठेवल्या आणि गप्प बसलो.

तोवर काकूंनी दवाखाना सोडला होता. काका अर्कातलं अल्कोहोल उडवून खाली राहिलेला चिकट गोळा पाण्यात कालवून त्यांना पाजत. मी गेलो की काकू पेला वर करून दाखवत. “ये रे. तीस वर्षं तेलाचे नमुने तपासले, आता माझा नमुना केलाय यांनी. पण एक सांगते, यानं केस नाही गेले माझे.” डोक्यावर मऊ लव आली होती. मी चहा प्यायलो आणि घरी आलो. असा किती वेळा प्यायलो.

पुढच्या हंगामातली संत्री बाजारात आली तेव्हा काकू नव्हत्या.

इंजेक्शनं घेतली असती तर त्या वाचल्याच असत्या, असं डॉक्टरही म्हणाले नव्हते. मी बरीच वर्षं या वाक्याच्या आडोशाला राहिलो. पण तेराव्याला काकांनी मला बाजूला घेतलं. “अर्क खरा होता रे. तू तर डोळ्यांनी पाहिलंस. मात्रा चुकली माझी. माझ्याच हातानं गेली ती.” तेव्हाही मी बोलू शकलो असतो. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

निवृत्तीनंतर काका भोपाळमधल्याच अवधपुरीत राहायला गेले. कोणाशी फारसं बोलत नसत. साली वाळवायचे, अर्क काढायचे, आणि कोणालाही न देता वहीत मात्रेचे हिशेब मांडायचे: किती द्यायला हवा होता, कधी सुरू करायला हवा होता. मी विचारलं, “आता कशासाठी, काका?” म्हणाले, “कुठं चुकलं, ते तर समजू दे.” मागच्या हिवाळ्यात ते गेले. समजलं नाहीच.

त्यांच्या मुलीने, मीनलने, ती वही मला आणून दिली. “बाबा म्हणायचे, यातलं तुलाच कळतं, दादा.” पहिल्या पानावर त्यांच्या गोल अक्षरात लिहिलं आहे: ‘सुधीरने स्वतः पाहिले. दुसरी बशी ठीक.’ पुढची सगळी पानं त्या ओळीवर उभी आहेत.

दुसरी बशी ठीक नव्हती, आणि चूक तुमच्या मात्रेची नव्हती, एवढं मी वैरागडेकाकांना सांगायला हवं होतं. आता ते मीनलला सांगायला हवं. तिचं घर माझ्यापासून पायी दहा मिनिटांवर आहे. अजून मी गेलेलो नाही.