हापशीच्या पाण्यातल्या पट्ट्या

सरांनी माझी पट्टी चिमट्यानं उचलून वर्गाला दाखवली. बोटांनी धरली नाही.

"पाहा रे. जास्वंदीचा कागद म्हणते ही. शेणात बुडवला का काय?"

वर्ग हसला. पट्टी खरंच मळकट हिरवी होती. बाकीच्यांच्या पट्ट्या सौम्य आम्लात गुलाबी होत होत्या. माझी होती तशीच राहिली.

"तुम्हा लोकांच्या हाती शुद्ध काही टिकतच नाही," सर म्हणाले.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. पांढुर्ण्याच्या कॉलेजात मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. बाबा संत्र्याच्या बगीच्यात मजूर. नागपूरहून लिटमस आलं नव्हतं, म्हणून प्रॅक्टिकलच्या परीक्षेसाठी ज्यानं त्यानं आपल्या पट्ट्या आपण करायच्या होत्या. जास्वंदीच्या पाकळ्या उकळायच्या, त्या रंगात गाळणकागद भिजवायचा, सावलीत वाळवायचा. पाणी मात्र डिस्टिल्डच पाहिजे. आणि त्या पाण्याच्या कॅनला आम्ही बौद्धांच्या पोरापोरींनी हात लावायचा नाही. असं कुठं लिहिलेलं नव्हतं. शिपाई वरून ओतायचा, आम्ही बीकर खाली धरायचो. तो सुट्टीवर गेला तेव्हा मी सरांना विचारलं, पाणी कोण देईल.

"हापशीचं घे ना. तुम्हाले काय फरक पडते?"

फरक पडला. हापशीचं पाणी खारं, अल्कलीवालं. रंग उकळतानाच हिरवट होऊन गेला. दिसत होतं मला, पण सांगणार कोणाला?

आणि आता हेच सर हसून राहिले होते. मी उठले. कॅनचं झाकण काढलं आणि बीकर हातासकट आत बुडवला.

"काय करून राहिली तू? पूर्ण पाणी बाटवलं!"

बाटवलं. रसायनशास्त्राचा माणूस, आणि तोंडून हा शब्द.

"खराब केलं म्हणा सर," मी म्हणाले. "बाटवलं म्हणू नका."

सरांनी सगळ्यांसमोर कॅन मोरीत रिकामी केली. माफी मागितल्याशिवाय परीक्षेला बसायचं नाही, असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाबा आले. चपला बाहेर काढून दारातच हात जोडून उभे राहिले. सरांनी आत या म्हटलं नाही. बाबांना असं पाहून मला मरून जावंसं वाटलं.

"सरच्या पाया पड बाई," बाबा म्हणाले. "वर्ष वाया जाईन."

"नाही पडत बाबा."

ते तिथंच रडले. माझ्यासाठी ते याआधी कधी रडले नव्हते.

वर्ष गेलं. घरात कोणी धड बोलेना. मायनं माझ्यासाठी स्थळं पाहायला घेतली. रोज वाटायचं, पडले असते पाया तर काय झालं असतं? आणि रोज उत्तर एकच यायचं: जन्मभर पडत राहिले असते.

जुलैत पुन्हा त्याच वर्गात नाव घातलं. तोच विषय, तेच सर. पहिल्या दिवशी सरळ कॅनपाशी गेले आणि बीकर भरून घेतला. सर बघत होते.

नापास करा. दहादा करा. पाणी मी माझ्या हातानंच घेणार.