पंखांचे कोंब

आमच्या पलंगाखाली रोज सकाळी रवा सांडलेला असायचा. म्हणजे रव्यासारखं काहीतरी, तांबूस, सगळे दाणे एका मापाचे. आई झाडून काढायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. "कोण खातंय गं हे घर?" ती विचारायची. प्राणिशास्त्र शिकणारी मी एकटीच, तेव्हा उत्तर देणं माझ्याकडे. सुक्या लाकडातली वाळवी, मी सांगितलं, आणि तो रवा म्हणजे तिची विष्ठा. आईनं झाडू तिथंच टाकला आणि सरळ आंघोळीला गेली.

हैदराबादेत, बरकतपुऱ्यात, आमचं भाड्याचं घर होतं. वडील गेलेले. आई, दादा, मी आणि धाकटी. मला एम.एस्सी.च्या प्रबंधाला विषय हवाच होता. पलंगाची एक पट्टी चिरून मी दोन काचांमध्ये बसवली, वर लाल जिलेटीन कागद लावला, कारण लाल उजेड वाळवीला फारसा जाणवत नाही, आणि मागच्या खोलीत भिंग घेऊन बसू लागले.

वारुळातल्या वाळवीत कामकरी जन्मभर कामकरीच. या जातीत तसं नसतं. इथं वाढती पोरंच सगळं काम करतात, आणि त्यातलं कुणीही पुढं काहीही होऊ शकतं. एखादं सैनिक होतं. त्याचं डोकं बुचासारखं, काळं आणि बोथट. भोक पडलं की तो ते डोकं भोकात घालून बसतो. स्वतःचं स्वतः खाताही येत नाही, भावंडं भरवतात. दादाला दाखवलं तर म्हणाला, "हौ, ही नोकरी आपल्याला जमते." जमणारच! हा दिवसभर दारात खुर्ची टाकून बसायचा आणि ताट हातात द्यावं लागायचं.

आणि एखाद्या पोराला पंखांचे कोंब फुटतात. ते एक दिवस बाहेर पडणार असतं.

असं एक पोर मला सापडलं. मी त्याच्या पाठीवर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला. त्याच सुमारास मला बंगळूरला नोकरी लागली. बी-बियाणांच्या खाजगी कंपन्या तेव्हा नव्यानं उघडत होत्या, पोरीबाळींनासुद्धा बोलवत होत्या. घरात पेढे आले. कुणी एका शब्दानं नको म्हणालं नाही. देवाशप्पथ, कुणीच नाही.

दादा म्हणाला, "तुझी सूटकेस दे ना, विजयवाड्याला जाऊन येतो. मग तुलाच आहे की!" दिली. धाकटीला कुठंतरी मुलाखत होती, तिनं माझे दोन चांगले ड्रेस नेले. नेताना गळ्यात पडून म्हणाली, "तिथं तुला ताप आला तर कोण गं बघणार?" आई रोज माझ्या आवडीचं करायची आणि मी जेवताना शेजारी बसून राहायची. मला इतकं बरं वाटायचं की काय सांगू.

एका दुपारी बघते तर माझे बांधून ठेवलेले कपडे कपाटात, जागच्या जागी घड्या घालून लावलेले. मी भडकले. आई म्हणाली मी नाही, धाकटी म्हणाली आईशप्पथ मी नाही, दादा तर गावातच नव्हता. बराच वेळ मी तणतणत होते. मग घड्यांकडे नीट पाहिलं. बाही आत दुमडून अशी घडी घरात फक्त मी घालते. कधी घातली, काही केल्या आठवेना.

तशीच उठून काचेशी गेले. ठिपकेवालं पोर मध्ये होतं आणि भावंडं त्याला चाटत होती. आधी भरवायची, मग चाटायची. किती माया, असं मला आधी वाटलेलं. त्या दिवशी भिंग जवळ नेलं. चाटता चाटता ती त्याचे पंखांचे कोंब कुरतडत होती. ते पळत नव्हतं. पाठ त्यांच्याकडे करून स्वस्थ उभं होतं. हुकूम देणारं तिथं कुणी नसतं, राणीसुद्धा देत नाही. पुढं त्यानं कात टाकली, कातीबरोबर उरलेसुरले कोंब गेले, ठिपकाही गेला, आणि त्या गर्दीत ते कुठलं हे मला पुन्हा कधीच ओळखता आलं नाही.

जायच्या आदल्या दिवशी मी आईला म्हटलं, "नाही गेले तर काय बिघडतं? पुढच्या वर्षी बघू." ती उठली. पहिल्यांदाच मागच्या खोलीत आली आणि भिंगाला डोळा लावला. दुसऱ्या एका पोराला कोंब फुटले होते, त्याच्याभोवती घोळका जमला होता.

"काय करतायत गं त्याला?"

मी सांगितलं. ती बराच वेळ वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "याला भिंग कशाला लागतं?" आणि निघून गेली.

सूटकेस दादाकडून परत आलीच नव्हती, तेव्हा दुसऱ्या दिवशी तिनं माझे कपडे स्वतः चादरीत बांधले. काचीगुड्याहून संध्याकाळची गाडी होती. दादा दारातून उठला, धाकटी मुसमुसत होती, बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मी आईच्या पाया पडले आणि म्हटलं, "येते."

"जाते म्हण," आई म्हणाली.

घरातून निघताना आमच्यात कुणी जाते म्हणत नाही. जातं ते मेलेलं माणूस. दादा कोपऱ्यावर चहाला निघतानासुद्धा चुकून 'जातो' म्हणाला तर हीच आई पाठीत धपाटा घालायची.

"आई, काय अभद्र बोलतेस!" धाकटी ओरडली.

आईनं तिच्याकडे बघितलंही नाही. "म्हण," ती मला म्हणाली. "त्याशिवाय पायरी उतरू नकोस."

मी म्हटलं. मी पायरी उतरले, आणि मागं वळायच्या आत तिनं दार लावून आतून कडी घातली.